इनासमेस्तांचा लेगबिफोर

टेनिस बॉलच्या क्रिकेटात लेगबिफोर नसतो. आमच्या वाडीत होता, आणि तो फक्त चर्चमधली रविवारची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, चुकवणाऱ्यालाच मिळायचा. अंपायर होते इनासमेस्त.

चर्चमध्ये गाणं बसवणाऱ्याला आमच्याकडे मेस्त म्हणतात. इनासमेस्त चर्चच्या माडीवर उभे राहून व्हायोलिन वाजवायचे आणि एकटेच गायचे. आम्ही तरणी पोरं मिस्सा ऐकायचो ती बाहेर फणसाखाली, गप्पा हाणत. मैदान मात्र चर्चचं. म्हणून मेस्तांनी आपणहून अंपायरचा पांढरा कोट चढवला. कोट कसला, लग्नातला सदराच तो.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. बॅटची कड घेऊन चेंडू कीपरकडे गेला, अख्ख्या मैदानाने 'टक्' ऐकलं, तरी मेस्त ढिम्म. कॉटबिहाइंड त्यांनी कधी दिलाच नाही.

मी त्या वर्षी बी.ए. झालो होतो, आमच्या घराण्यात पहिलाच. मला पहिल्याच चेंडूला लेगबिफोर दिल्यावर मी मेस्तांना नियम समजावायला गेलो. मेस्त माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"बी.ए. झालंस, बरां झाला," ते म्हणाले. "रविवारी खंय होतंस?"

मी बॅट ठेवली.

अशाने पोरं मिस्सेला चर्चच्या आत आली, पण खांबासारखी मुकी. त्यात पाद्रींनी सांगून टाकलं, फेस्ताला, चर्चच्या वार्षिक सणाला, दोन आठवडे उरलेत. माडीवर गाणारे जमले नाहीत तर यंदापासून कॅसेट लावायची. मेस्त दोन दिवस मैदानावर फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले. आमचा बॉलर अ‍ॅग्नेल अपील करायचा तेव्हा बंदरावरचे कावळे उडायचे. त्या दिवशी तो ओरडला आणि मेस्तांचं बोट वर. अ‍ॅग्नेल नाचायला लागला.

"तो आऊट नाय रे," मेस्त म्हणाले. "तुका गाण्यात घेतलंय. सांजेक माडयेर ये."

असे आठ जण त्यांनी अपिलावर निवडले. माझा आवाज बसका, म्हणून मला गाण्यांचे कागद लिहायला बसवलं.

फेस्ताला आमच्या पोरांनी म्हटलं ते गाणं कमी, अपील जास्त होतं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या माना वळवून वर बघायला लागल्या. पाद्रींना हसू आवरेना. मेस्तांनी मात्र व्हायोलिन अर्ध्यातच खाली घेतलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, चिडले.

जिन्यात मी माफी मागायला गेलो. त्यांनी माझा हात धरला.

"पाच वर्सां झाली रे, माका ह्या व्हायोलिनाचो आवाज येत नाय. आज तुमचो इलो."

पुढच्या रविवारी अ‍ॅग्नेलचा चेंडू माझ्या बॅटची कड घेऊन गेला. टक्. मेस्त ढिम्म. मी बॅट काखेत मारली आणि आपला आपण चालायला लागलो.

मागून मेस्त ओरडले, "खंय चल्लंस रे? तू मिस्साक इल्लंस मा!"