येथे हत्तीण होणार आहे

एका जंगलात, बालमित्रांनो, टोकाजी नावाचा एक सुतारपक्षी राहत होता. तुमच्यापैकी जे मागच्या बाकावर बसून कर्कटकानं बाक कोरतात, त्यांना टोकाजी लगेच आवडेल. त्याला चोच स्वस्थ ठेवता येत नसे. वाळकं खोड दिसलं की ठक ठक ठक. किडा मिळाला तर मिळाला, नाहीतर खोडावर एखाद्या सशाचं नाक तरी उमटायचंच.

एकदा या जंगलाचे राजे, सिंह महाराज, शेजारच्या जंगलात लग्नाला गेले. तिथे त्यांनी वाटेवर उभा केलेला दगडी गेंडा पाहिला. परत आले ते तोंड पाडूनच.

"त्यांच्याकडे गेंडा आहे," महाराज म्हणाले. "आपल्याकडे काय आहे?"

"आपल्याकडे झाडं आहेत, महाराज," चिटणीस कोल्हा म्हणाला.

"झाडं काय, कुठल्याही जंगलात असतात!"

हे कोल्ह्याला पटलं. त्याला महाराजांचं सगळंच पटायचं. मग ठरलं की पाणवठ्याच्या वाटेवर बारा शिल्पं उभी करायची. लाकडाची, पण गेंड्याहून उंच. टोकाजीला बोलावून राजशिल्पकार नेमलं आणि त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. माळेत तो सापडेना, म्हणून दोघांनी मिळून त्याला बाहेर काढलं.

"कधी सुरू करू?" टोकाजीनं धापा टाकत विचारलं.

"घाई काय आहे? आधी समिती बसेल," कोल्हा म्हणाला. "आणि हे बघा, टोकाजीराव, आता तुम्ही राजशिल्पकार. ऊठसूट कुठल्याही झाडावर चोच मारायची नाही. हुद्द्याला शोभत नाही. चोच राखून ठेवा."

टोकाजीनं चोच राखून ठेवली आणि तो जमिनीवरच्या मुंग्या वेचून खाऊ लागला.

समिती बसली. हत्तीण गजराबाई म्हणाल्या, माझं शिल्प माझ्याएवढं हवं. महाराज म्हणाले, माझं गजराबाईंहून हातभर उंच. उंदीर म्हणाला, कलेत लहानमोठं काही नसतं, माझंही तेवढंच करा. अस्वलाला पाठमोरं शिल्प हवं होतं, कारण त्याची पाठ छान आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. कासव म्हणालं, "मला जरा विचार करू द्या." त्यानं दोन पावसाळे विचार केला.

टोकाजीची बायको ठकू रोज विचारायची, "आज काय झालं हो?"

"आज नकाशा मंजूर झाला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आज काय झालं हो?"

"आज नकाशा हरवला."

अंडी घालायची वेळ आली. घरट्यासाठी खोड पोखरायला हवं होतं. टोकाजी ओशाळून म्हणाला, "माझी चोच राखीव आहे गं." ठकूनं पदर खोचला (पक्ष्यांना पदर नसतो, पण गोष्टीत असतो) आणि एकटीनं घर पोखरलं. टोकाजी खाली बसून अंगावर पडणारा भुसा झाडत राहिला. त्याला फार लाज वाटली.

इकडे वाटेवर बारा चौथरे झाले. प्रत्येकावर पाटी लागली. 'येथे हत्तीण होणार आहे. कृपया हात लावू नये.' 'येथे अस्वल होणार आहे. मागून पाहावे.' लांबलांबच्या जंगलांतून पाहुणे यायला लागले. एक माकड त्यांना हिंडवून आणायचं.

"या गजराबाई! केवढ्या रुबाबदार होणार आहेत बघा!"

पाहुणे रिकाम्या चौथऱ्याभोवती चक्कर मारायचे. "डोळे फार बोलके होणार आहेत हं," ते म्हणायचे.

शेजारच्या गेंड्याकडे आता कुणी फिरकेना. तो होऊन गेलेला होता. त्याचं यापुढे काय होणार?

बाराही शिल्पांना मानाचं पारितोषिक मिळालं. शाल-नारळ कोल्ह्यानं घेतला. टोकाजी गर्दीत मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता. टाळ्या वाजवता वाजवता त्यानं चोच शेजारच्या खोडाला लावून पाहिली, तर ती बोथट झालेली!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाणवठ्याजवळ आडव्या पडलेल्या ऐनाच्या खोडावर जाऊन बसला. पहिल्या दिवशी चोच सोलली. दुसऱ्या दिवशी थोडी धार आली. आठव्या दिवशी खोडातून गजराबाई बाहेर आल्या. पाणी पिणाऱ्या, अर्धे डोळे मिटलेल्या. इतक्या हुबेहूब, की गजराबाईंची धाकटी लेक आली आणि लाकडालाच बिलगून उभी राहिली.

मग सगळं जंगल लोटलं.

"कान लहान झालाय," माकड म्हणालं.

"चौथऱ्यावरची जास्त चांगली होती," अस्वल म्हणालं.

"माझ्या पोटाला एवढ्या वळ्या आहेत?" गजराबाईंनी विचारलं.

"आहेत," टोकाजी म्हणाला. कलावंतांना हा आजार असतो. गजराबाई रडायला लागल्या.

कोल्हा महाराजांच्या कानाशी लागला. "महाराज, रडणं एक वेळ चालेल. पण हे एक झालं म्हटल्यावर लोक विचारणार, बाकीची अकरा कधी?"

महाराजांच्या अंगावर काटा आला.

दुपारच्या आत रानडुकरांनी ते शिल्प ढकलत नाल्यापलीकडे नेऊन टाकलं. नवी पाटी लागली. 'येथील हत्तीण काढून येथे हत्तीण होणार आहे.' टोकाजीला राजशिल्पकार पदावरून दूर केलं. हुकमात कारण दिलं होतं: 'कामात चालढकल न केल्याबद्दल.'

तो घरी आला. ठकूनं विचारलं, "आज काय झालं हो?"

"आज मला काढून टाकलं."

"म्हणजे चोच मोकळी?" ठकू म्हणाली. "मग बसलात काय? पिल्लांना भूक लागलीय. त्या वरच्या फांदीत किडे आहेत."

टोकाजी उडाला. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत जंगलात ठक ठक ऐकू येत होती.

गजराबाईंची लेक अजून रोज नाला ओलांडून जाते आणि त्या लाकडी पोटाला टेकून झोपते. पण ती लहान आहे. तिला कलेतलं काही कळत नाही.

तात्पर्य: बालमित्रांनो, न केलेल्या कामात कुणालाही खोट काढता येत नाही. म्हणून मोठेपणी खूप मोठमोठी कामं करायचं ठरवा आणि तिथेच थांबा. हा नियम गृहपाठाला लागू नाही, असं तुमच्या बाई म्हणतील. त्यांना नम्रपणे विचारा, "बाई, शाळेसमोर होणार होतं ते कारंजं कुठे आहे?"