सोमाभावजींची जीभ

बुंदीचा लाडू घशात अडकला आणि माझा श्वास बंद झाला. खोकला येईना, आवाज फुटेना. खोडाळा गावातल्या एका लग्नात, बायकांच्या पंगतीत बसले होते. दोष माझाच. तोंडात अख्खा लाडू घेऊन मी दुसरीच्या सुनेबद्दल बोलत होते.

समोरची म्हणाली, "कुनी तरी आठवन काढली म्हातारीची." शेजारची टाळूवर थापट्या मारत म्हणाली, "वर बघ, चिमनी बघ." तिसरी पाण्याचा तांब्या घेऊन धावली. माझ्या डोळ्यांपुढे मांडवातल्या पताका काळ्या पडायला लागल्या.

तेवढ्यात पुरुषांच्या पंगतीतून सोमाभावजी पत्रावळ्या तुडवत आले. "पानी देऊ नका! पानी नको!" तांब्या त्यांनी असा उडवला की नवरदेवाचा मामा भिजला. मग मला पुढे वाकवलं आणि पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधे, तळहाताचा धपका घातला. एक, दोन, तीन. सख्ख्या दिराने थोरल्या वहिनीला भर मांडवात बडवलेलं त्या गावाने पहिल्यांदाच पाहिलं. चौथ्याला बँडवाले थांबले. पाचव्याला लाडू बाहेर आला.

मी श्वास घेतला, डोळे पुसले. भावजी माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "वैनी, जीभ दाखव."

हा माणूस असाच आहे. माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. नवरा गेला, दीर राहिला. वय सत्तरीच्या पुढे, घर माझ्या घराला लागून. रोज सकाळी ते ओट्यावर बसतात आणि सगळ्या पाड्याला जीभ दाखवतात. हनुवटीपर्यंत बाहेर काढून दहा अंक. मग डावीकडे, मग उजवीकडे. शेवटी लाकडी चाटू जिभेवर ठेवून जीभ वर रेटायची आणि चाटू खाली दाबायचा. घरात आमटी ढवळायचाही चाटूच, म्हणून सुनेने भावजींच्या चाटूला लाल दोरा बांधला. पाहुणे आले की गडबडीत नेमका दोऱ्याचाच हाताला लागतो. पाहुण्यांना ते ठाऊक नसतं. मला असतं, म्हणून मी त्यांच्याकडे जेवत नाही.

"जीभ म्हंजे बैल हाय, वैनी," ते सांगतात. "मांसच ना ते! म्हातारपनी हातपाय थकतात, तशी जीभ बी थकते. जुंपली नाय तं बसते. आन बसलेला बैल घास वडत नाय."

हे ज्ञान जव्हारच्या दवाखान्यातल्या बाईंचं. बैल तेवढा भावजींचा.

एकदा एस.टी.त त्यांचा व्यायाम चालू होता आणि समोर कंडक्टर उभा होता. त्याला तो अपमान वाटला. भावजींना घाटातच उतरवलं. ते चालत घरी आले आणि म्हणाले, "बरं झालं, वाटंत दोनदा जादा झाला."

पाड्यात एक सोयरीक बघायला पाहुणे आले होते. नवऱ्या मुलाचा आजा चहा पिताना दोनदा ठसकला. भावजींनी बाजारात बैलाचे दात बघतात तसं म्हाताऱ्याचं तोंड उघडायला लावलं, आत बघितलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "बसलाय." पोरीचं लग्न पुढे दुसरीकडे झालं.

पाण्यावर तर त्यांचा डूखच आहे. "पातळ त्ये चोर, जाड त्यो साव. पानी जिभंला न इचारता पळतं, कुठं जाईल नेम नाय. नागलीची जाड पेज बघ, कशी सांगून जाते." पाहुण्याला दारात पाणी द्यायचं, ही आपली रीत. भावजी हातात तांब्या देऊन समोर उभे राहतात, "मान खाली घाल. लहान घोट. आता गिळ. बोलू नको." तहानलेला माणूस मग माझ्या घरी येऊन पाणी पितो.

मी त्यांना सगळ्यांत जास्त हसले. म्हटलं, "भावजी, मला दात दोन उरले, पण जीभ एक दिवस बसलेली नाही. मला कशाला व्यायाम?"

"बोलनारी जीभ येगळी, ढकलनारी येगळी," ते म्हणाले. "तुझी एकच चालते."

हे खूळ सुरू कधी झालं तेही सांगते. त्यांची बायको भागी, तिच्या अंगावरून वारं गेलं. अर्धं तोंड वाकडं, घास गालातच राहायचा. दवाखान्यातल्या बाईंनी जिभेचा व्यायाम सांगितला. भागी करेना. जन्मात कधी पुरुषांसमोर दात दिसू दिले नव्हते, जीभ कुठली बाहेर काढणार! पदर तोंडात कोंबून बसायची. मग भावजी ओट्यावर जाऊन बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याला जीभ दाखवायला लागले. आतल्या भागीला ओरडून म्हणाले, "आता समदे मलाच बघतात. तू काढ बिनघोर." भागी वाकड्या तोंडाने हसायची आणि दाराआड काढायची. दोन वर्षं दोघांचं चाललं. मग ती एका दुपारी जेवता जेवता गेली. आम्ही समजलो, पुन्हा वारं गेलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी पाठ शेकत ओट्यावर बसले होते. भावजी आले. मी विचारलं, "धपके घातले ते ठीक. पण तांब्या का उडवला? घोटभर पाणी तर कोणीही देतं."

त्या दिवशी त्यांनी जीभ काढली नाही.

"भागीला बी घास अडकला हुता," ते म्हणाले. "वारं न्हवतं. मी म्हनलं, कुनी आठवन काढली आसंल. आन पानी पाजलं. ह्याच हातानं."

मी शेकायचं फडकं बाजूला ठेवलं आणि जीभ बाहेर काढली. भावजी पुढे सरकले, नीट निरखून बघितलं आणि मोजायला लागले. सहालाच माझी थरथरली.

"बसलाय," ते म्हणाले. "उद्यापासून रोज."

भागीला पाणी दिलं होतं. मला दिलं नाही, आणि मी जगले.