सुनील राठोडचं अर्थिंग

फ्रिजमधलं दूध पुन्हा नासलं तेव्हा रंजिताने पातेलं उचललं आणि थेट मागच्या खोलीत नेऊन नवऱ्याच्या नाकाखाली धरलं. सुनील डोळे मिटून खुर्चीत बसला होता. समोर दोन स्पीकर, मध्ये संगणक, त्याच्या बाजूला एक चपटी डबी, आणि खोलीभर तबला.

"वास घ्या," रंजिता म्हणाली.

"थांब, तिहाई येऊन राह्यली."

"येऊ द्या. फ्रिज कोनं बंद केला?"

फ्रिज अर्थातच सुनीलने बंद केला होता. फ्रिज सुरू झाला की घरातला करंट घाण होतो, घाण करंट संगणकात शिरतो आणि गाण्यात जिटर येतो, हे त्याने तिला कितीदा तरी समजावलं होतं. संगणकातून गाणं म्हणून नुसते आकडे निघतात. त्या चपट्या डबीला डॅक म्हणतात, ती आकड्यांचा आवाज करते. आकडे ठरल्या ठेक्यात यायला हवेत. एखादा जरासा पुढेमागे झाला की झाला जिटर, आणि जाणकार कानाला तो वरणातल्या खड्यासारखा लागतो म्हणे.

म्हणे, असंच म्हणायला पाहिजे. कारण गोम अशी होती की सुनीलला तो आजवर एकदाही ऐकू आलेला नव्हता.

आर्णीत त्याचं कृषी केंद्र. खत, बियाणं, फवारणीचे पंप. पण जीव सगळा मोबाईलवरच्या 'विदर्भ श्रवण मंडळा'त. तिथे झाडून सगळ्यांना जिटर ऐकू यायचा. कोणी अमरावतीहून लिहायचा की अडॅप्टर बदलला आणि गायिकेचा श्वास नजरेला दिसला. कोणी लिहायचा की तंबोऱ्याच्या तारेवरची धूळ कळायला लागली. सुनील खाली लिहायचा, "अगदी बरोबर," आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावून बसायचा. आपलेच कान फुटके असले तर? त्यात मंडळाचे प्रमुख पुंडलिकराव काळमेघ साहेब महिन्याच्या शेवटच्या रविवारी नागपूरहून त्याची मांडणी ऐकायला येणार होते. पसंत पडली तर सुनील यवतमाळ जिल्ह्याचा प्रतिनिधी. नाही पडली तर भर मंडळात ठार बहिरा. बिचाऱ्याची झोप उडाली होती.

त्याने काय करायचं ठेवलं नव्हतं. साधा अडॅप्टर फेकून लिनियर पॉवर सप्लाय आणला. म्हणजे एक जडशीळ पेटी, आत लठ्ठ ट्रान्सफॉर्मर. करंट म्हणे त्यातून गाळून निघतो. ती शेजारच्या मथुराबाईंच्या सामाईक भिंतीला टेकवून ठेवली. बॅटरीचा करंट त्याहून शुद्ध असं कोणी लिहिलं, तर त्याने दुकानातल्या फवारणी पंपाची बॅटरी काढून डॅकला जोडली. तो पंप मग दुकानातल्या पोराने तसाच विकला. गिऱ्हाईक शेतातून परत आलं आणि जे बोललं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बॅटरी परत द्यावी लागली.

शेवटी काळमेघ साहेबांनीच फोनवर दुखणं ओळखलं. "राठोड, तुमचं अर्थिंग कच्चं आहे. घाण करंट जमिनीत गेला पाहिजे. स्वतंत्र खड्डा घ्या. तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ. आणि रोज पाणी घालायचं. त्याशिवाय मी येण्यात अर्थ नाही."

आता दुकानदार माणसाला सवड कधी मिळणार? अवसेला. अवसेच्या दिवशी शेतकरी बियाणंही नेत नाही आणि खताच्या गोणीलाही हात लावत नाही. दुकान ओस. तेव्हा सुनीलने भर अमावस्येला, घरासमोर फाटकाजवळ, स्वतः कुदळ घेऊन डोकं बुडेल एवढा खड्डा खणला. मग त्यात तांब्याचा पत्रा उतरवला. त्यावर काळा कोळसा. त्यावर पोतंभर मीठ. चिखल होतो म्हणून चपला काढून, उघड्या पायांनी, वरून घागरीने पाणी सोडलं.

समोरच्या घरात पंजाबराव राहतात. निवृत्त झाल्यापासून गल्लीवर नजर ठेवणं हाच त्यांचा उद्योग. त्यांनी खिडकीतून अमावस्या पाहिली, खड्डा पाहिला, तांबं पाहिलं, आणि कोळशापर्यंत येता येता त्यांचा हात फोनकडे गेला होता. थोड्याच वेळात गल्ली गोळा झाली आणि मोटरसायकलवरून हवालदारही आले.

"गुप्तधन काढून राह्यला काय गा?" हवालदारांनी विचारलं.

"काढून नाई जी, गाडून राह्यलो."

"गाडून?" पंजाबराव पुढे सरसावले. "करनी हाय मंग. साहेब, अवस हाय आज."

सुनीलने समजावण्याची शिकस्त केली. करंट, न्यूट्रल, डॅक, आकड्यांचा ठेका, सगळं सांगितलं. हवालदारांच्या चेहऱ्यावरून कळेना की त्यांना हसू येतंय की संशय वाढतोय. शेवटी घामाघूम होऊन तो म्हणाला, "साहेब, साधी गोष्ट हाय. घरात आवाजाचा तरास होता. त्याची शांती करून राह्यलो."

शब्दन् शब्द खरा होता. पण गल्लीला जे ऐकायचं होतं ते तिने बरोबर ऐकलं. शांती म्हटल्यावर हवालदारही मोकळे झाले. बुजवताना वर कठडा लावा, कोणी पडेल, एवढं सांगून ते निघून गेले.

त्याच दिवशी सुनीलने ती लिनियर पेटी भिंतीपासून हलवून खिडकीजवळ आणली. अर्थिंगची नवी हिरवी तार तिथपर्यंतच पुरत होती. आणि त्याच दिवशी मथुराबाईंच्या कानातली भुणभुण थांबली. म्हातारी महिनाभर त्या भुणभुणीने हैराण होती. यवतमाळच्या डॉक्टरांनी थेंब दिले, गोळ्या दिल्या, काही फरक नाही. पेटी घुमत होती आणि भिंत ते घुमणं म्हातारीच्या उशाशी पोचवत होती, हे सुनीलला लगेच उमगलं. पण सांगायचं कोणत्या तोंडाने? लिनियर पेटी घुमते हे मंडळात कळलं असतं तर लाज गेली असती. तो गप्प बसला, आणि सगळा घोटाळा इथे झाला.

दुसऱ्या दिवशी मथुराबाई तांब्याभर पाणी आणि हळद-कुंकू घेऊन खड्ड्यापाशी उभ्या.

"काकू, हे काय?" सुनील धावत आला.

"तू घालतं तं म्या घातलं. माहा कान बरा झाला बाप्पा. तूही तं चपला काढूनच पानी घालतं."

"काकू, ते अर्थिंग हाय."

"असन. आमी नावाले काय करतो?"

मथुराबाईंनी बहिणीला सांगितलं, बहिणीने विहिणीला. कान दुखणारे आले, कान वाहणारे आले, सुनेचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून सासवा आल्या आणि सासूचं ऐकू येऊ नये म्हणून सुनाही आल्या. पंधरवड्यात उमरखेडची एसटी आर्णीला थांबली की दोन-चार जण कानाला कापसाचे बोळे लावून उतरत आणि "कानबाबा कुटी हाय?" असं विचारत. बोळे खड्ड्यावरच वाहायचे अशी रीत पडली. ती कोणी पाडली हे कोणालाच माहीत नव्हतं. मंडपाचा खर्च नगरपालिकेच्या निवडणुकीची तयारी करणाऱ्या एका पुढाऱ्याने उचलला. बल्बच्या माळा लागल्या, भोंगा आला, आणि दोन्हींचं कनेक्शन सुनीलच्याच ओसरीतून गेलं. देवाच्या कामाला नाही कसं म्हणणार? सगळ्या आर्णीतला घाणेरडा करंट आता त्याच्या घरात नांदत होता.

सुनीलचं डोकं फिरलं. "ही शुद्ध अंधश्रद्धा हाय," तो घरात येऊन कडाडला. "खड्ड्यात मीठ हाय, मीठ. त्याले नवस कायचा बोलता? जे दिसत नाई, आयकू येत नाई, त्याच्यापायी लोक येडे होऊन राह्यले."

रंजिता तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तुमाले आयकू येते काय तो जिटर?"

"म्हनजे काय."

"मले तुमचं तोंड दिसते न. आन दुकानात तुमी ते हिरवं टॉनिक इकता. कापसाची पऱ्हाटी कशी डोलते पाहा म्हनता. त्यानं डोलते काय पऱ्हाटी?"

"तो धंदा हाय."

"मंग हा बी तसाच हाय. फकस्त इथं गिऱ्हाईक तुमी हाय."

 सुनीलला राग आला, आणि राग आला की तो करतो तेच त्याने केलं. खोलीचं दार लावून तबला लावला. भोंग्यामुळे तोही ऐकू आला नाही.

असा तो शेवटचा रविवार उजाडला. सुनीलने हातापाया पडून दुपारपुरता भोंगा बंद करवून घेतला. माळा विझवल्या. खोली झाडली. काळमेघ साहेबांची गाडी आर्णीत शिरल्याचा फोन आला आणि त्याने शेवटचं एकदा हिरवी तार तपासायला बाहेर नजर टाकली. खड्ड्यावर गुळगुळीत फरशीचा ओटा बांधलेला. काल तो दुकानात असताना फुलसिंग गवंड्याने हौसेने बांधून दिला होता. हिरवी तार ओट्यापासून वीतभर अलीकडे लोंबत होती.

"फुलसिंग, तार?" त्याने ओट्याशी उभ्या असलेल्या गवंड्याला विचारलं.

"कापली जी," फुलसिंग अभिमानाने म्हणाला. "फरशीत आडवी येत होती. देवाच्या अंगातून तार निगाली तं बरी दिसत नाई."

सुनील कुदळीकडे वळला. फरशी फोडावी तर चाळीसेक भाविक रांगेत उभे. फोडली असती तर त्याचाच नारळ फुटला असता. तेवढ्यात गाडी दारात आली.

काळमेघ साहेब उतरले. पांढरे केस, पांढरा सदरा, आणि आयुष्यभर मोठमोठ्या यंत्रांचे आवाज ऐकून शेवटी फक्त तंबोऱ्यावर प्रेम करायचं ठरवलेला चेहरा. रांगेकडे पाहून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"अर्थिंग," सुनीलच्या तोंडून खरं निघून गेलं.

साहेब आत येऊन खुर्चीत बसले. डोळे मिटले. तबला सुरू झाला. सुनील दाराशी उभा राहून त्यांच्या कपाळाकडे पाहत होता. कपाळाला आठी पडली.  आता मंडळात नाव निघणार, सगळे हळहळणार, प्रतिनिधी दिग्रसचा होणार.

"बरं आहे," साहेब म्हणाले. "पण डग्गा मिटलेला वाटतोय. अजून गाळण पुरी झालेली नाही."

बाहेर खाडकन नारळ फुटला आणि कोणीतरी ओट्यावर पाणी ओतलं. साहेबांनी हात वर केला.

"आत्ता काय केलंत तुम्ही?"

"काही नाही साहेब. नारळ फुटला. खड्ड्यावर."

 "नारळाचं पाणी," साहेब हळूच म्हणाले. "क्षार. साहजिक आहे, अर्थिंग सुधारणारच. बासरीएवढी जागा उघडली बघा दोन बोलांच्या मध्ये. आणखी एक फोडायला सांगा."

आणखी एक फुटला. साहेबांना तबलजीचं मनगट दिसलं. तिसऱ्याला त्याची अंगठी दिसली. सुनील बाहेर जाऊन रांगेतल्या बायांना हळूहळू, एकेक फोडा म्हणून विनवत होता, आणि बाया साहेबांच्या कानासाठी चाललंय समजून मनोभावे फोडत होत्या. मथुराबाईंनी तर साहेबांच्या नावाने कापसाचा बोळाही वाहिला. वीतभर अलीकडे लोंबणारी तार सुनीलने पाठीमागे झाकून धरली होती. एकदा त्याच्या मनात आलं की सांगून टाकावं. साहेब, तार कापेल हाय, तुम्हालाही काही ऐकू येत नाही, मलाही येत नाही, आपण दोघं एकाच रांगेतले. पण साहेबांनी बाहेर येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"राठोड, मी तीस वर्षं ऐकतोय. पण कान म्हणतात ते तुमच्याकडे आहेत."

सुनीलने मान खाली घातली आणि नम्रपणे म्हणाला, "तुमच्याच आशीर्वादानं, साहेब."

आठवड्याभरात मंडळात फोटो यायला लागले. अमरावतीच्या एकाने अर्थिंगच्या झाकणावर नारळ फोडला होता, अकोल्याच्या एकाने शेंदूर लावला होता. खाली काळमेघ साहेबांनी विचारलं होतं, जिल्हा प्रतिनिधी राठोड यांनी सांगावं, नारळाची शेंडी कोणत्या दिशेला ठेवावी. सुनीलने थोडा विचार करून लिहिलं, "ईशान्येला. पण पहिलं पाणी थेट मातीत जाऊ द्यावं."

पुढच्या मंगळवारी दुपारी तो जेवायला घरी आला आणि खोलीत बसला. ओट्यावर चिटपाखरू नव्हतं. तबला सुरू झाला, आणि थोड्या वेळाने त्याने कपाळाला आठी घातली. काहीतरी कमी होतं. डग्गा मिटलेला वाटत होता. त्याने पुन्हा ऐकलं. होय, मिटलेलाच. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तो फरक ऐकू येत होता.  तो उठला, स्वयंपाकघरातला नारळ घेऊन बाहेर गेला, चपला काढल्या, ओट्यावर नारळ फोडला, पाणी सोडलं आणि लगबगीने परत येऊन खुर्चीत बसला.

रंजिता दारात उभी होती. "अवो, तार तं कापेलच हाय न अजून?"

"हाय न," सुनील डोळे मिटून म्हणाला. "पन पाह्य, कसा मोकळा झाला."

तिने क्षणभर कान दिला. तोच तबला होता. मग ती बाहेर गेली, ओट्यावरच्या नारळाच्या दोन्ही वाट्या उचलून आणल्या, खोबरं काढलं, मिरच्या टाकल्या आणि पलीकडच्या स्वयंपाकघरात मिक्सर सुरू केला. मिक्सर घरभर गरगरत होता. आता नवरा ओरडत बाहेर येणार म्हणून तिने दाराकडे पाहिलं.

आतून आवाज आला, "वा."