विलायती दुर्गीस आतेभाऊ मिळाला त्याची हकीकत

श्रीअंबरेश्वर समर्थ. शके अठराशे सत्त्याहत्तर, मन्मथनाम संवत्सरी, अंबरनाथ मुक्कामी दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्याच्या क्वार्टरांत जे प्रेमयुद्ध जाहले, त्याचे वर्तमान जसे घडले तसे येथे नमूद केले आहे. मीठ चवीपुरतेच घातले आहे.

कारखान्याचे अंमलदार राजश्री चिंतामणराव, त्यांची कन्या उमाबाई. तिचे मन नकाशाखात्यातील श्रीपादपंतांवर जडले. पंत स्वभावे अबोल. दर रविवारी रावांशी बुद्धिबळ मांडीत आणि रावांचा मान राहावा म्हणून वजीर खुशाल गमावून बसत. परंतु घरची खरी सत्ता मातोश्री मालिनीबाई, आणि त्यांचा कौल बदलापूरचे भातगिरणीवाले महिपतराव यांजकडे. पंतांविषयी त्यांचा अभिप्राय एवढाच, की पटावर हरतो तो संसारात काय दिवे लावणार.

उमाबाईने मनाशी मसलत केली, की मातोश्रींशी मैदानात गाठ घालण्यात राम नाही, गनिमी कावा पाहिजे. मग ती उल्हासनगरी निर्वासितांच्या कांप नंबर पाचाच्या बाजारात गेली आणि सिंधी साईंच्या दुकानी ट्रंका व कढया यांच्या सांदीत पडलेला, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ घेऊन आली, आणि दुपारी शेजारणी तांदूळ निवडावयास जमत तेव्हा तो मराठीत उलटवून सांगू लागली.

ग्रंथात एक अनाथ कन्या, नाव डोरकास. ते मंडळीच्या जिभेस न पेलल्यामुळे तिची दुर्गी जाहली. तिच्यामागे तीन प्रकारची प्रेमे हात धुऊन लागलेली. एक लाल डगल्याचा कप्तान. त्याचे प्रेम नजरेचे, मिशीस पीळ देऊन सुरू होई आणि पलटण हलली की आटोपे. दुसरा हवेलीवाला जहागीरदार. त्याचे प्रेम तिजोरीचे, बायको आणि घोडी तो एकाच नजरेने पारखी. आणि तिसरा शाळामास्तर. त्याचे प्रेम सबुरीचे, पावसात छत्री दुर्गीवर धरून आपण भिजे आणि तोंडातून चकार शब्द काढीत नसे. या मास्तराचे वर्णन उमाबाई अशा रंगात करी की मातोश्रींचा पदर ओला होई. शेजारीण वृंदाताई कप्तानाच्या पक्षाची, तीही फितूर जाहली. खरवईहून भाजी घेऊन येणाऱ्या ठमाबाईने तर टोपली उतरवून फर्मान काढले, "त्या मास्तराला कुणी चा तरी द्या गो."

ऐन फत्तेच्या वेळी घात जाहला. मास्तर मागणी घालणार त्या पानावर उमाबाई घाईत मूळ मजकुराबरहुकूम बोलून गेली, की हा मास्तर दुर्गीच्या सख्ख्या काकांचा मुलगा. तांदळातले हात जागच्या जागी थांबले.

"चुलतभाऊ?" मातोश्री म्हणाल्या. "अगं, भाऊबीजेला ओवाळायचं त्याला. मिट ते पुस्तक."

दुसरे दिवशी उमाबाईने जाहीर केले, की काल वाचण्यात चूक जाहली; काका नव्हेत, ते आत्याचे यजमान. एवढ्या एका वाक्याने विलायतेतील एक अख्खे घराणे उचलून तिने इकडचे तिकडे ठेवले.

"आतेभाऊ?" ठमाबाई म्हणाली. "मंग त्याचा हक्कच हाय गो."

मातोश्रींची कळी खुलली. "रीत ती रीत. आणि आपल्याकडे तरी काय कमी आहे? बदलापूरला वन्संचा कमळाकर आहेच की. मला मेलीला सुचलं कसं नाही इतके दिवस? महिपतरावांना आजच नको म्हणून कळवते."

उमाबाईने पाहिले, की डाव आपल्यावरच उलटला. एक गनीम हटविला तो दुसरा उभा, आणि तोही आपल्याच तोफेने बोलावून आणलेला. हा कमळाकर म्हणजे लहानपणी तिच्या वेणीस डिंक फासणारा. आता गनिमी काव्यात काही उरले नाही, मग तिने ग्रंथ मिटला आणि भर दरबारात उघडी चाल केली.

"आई, मला कमळाकर नको आणि महिपतरावही नको. मला श्रीपादशी लग्न करायचंय."

"मग हे सरळ सांगायला इतके दिवस विलायत कशाला फिरवलीस आम्हाला?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं," मातोश्री म्हणाल्या, आणि तेच आताही म्हणावे म्हणून त्यांनी सूप खाली ठेवले. तो भोवतालची सारी फौज त्यांच्याकडे टक लावून बसलेली.

"मालिनीताई," वृंदाताई म्हणाल्या, "छत्रीवाल्यासाठी सगळ्यांत जास्त तुम्हीच रडलात हो."

"आन् आपल्या पोरीचा मास्तर तेवढा दारात भिजत ठेवता काय?" ठमाबाईने री ओढली.

मातोश्रींनी बराच वेळ तांदळातला खडा शोधला. तो काही सापडला नाही. मग हुकूम जाहला, की श्रीपादला येत्या रविवारी जेवायला बोलवावे, आणि जरा बोलत जा म्हणून बजावावे.

येणेप्रमाणे तह होऊन श्रीपादपंतांची फत्ते जाहली, आणि ती त्यांस सर्वांच्या शेवटी कळली. तहाचे कलम एकच, की ग्रंथ पुरा ऐकविल्याखेरीज उमाबाईने बोहल्यावर चढू नये. ते तिने इमानाने पाळिले. दुर्गी आतेभावाच्याच पदरी पडली, हे अंबरनाथी पक्के ठाऊक आहे. विलायतेतील छापील मजकुरात काही निराळे असल्यास तो तिकडच्या लोकांनी सुधारून घ्यावा.