दाराला हात लावू नका

विद्यापीठाच्या अतिथीगृहाची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकली, तेव्हा लिफ्टचा मेकॅनिक खाली फाटकापाशीच उभा होता. त्या संध्याकाळी त्याची सुट्टी होती; तो लेकीला सोडायला आला होता. वर सभागृहात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. देशोदेशीच्या सरकारांशी बोलणी करून केस पांढरे केलेले एकेक दिग्गज येणार होते आणि एम.ए.ला असलेली त्याची लेक त्यांना भेटणार होती. पोरगी हुशार, पण चारचौघांत जिभेला कुलूप. आठ दिवस घरात ती स्वतःची ओळख करून द्यायचा सराव करत होती. ऐकून ऐकून मेकॅनिकलाच ती तोंडपाठ झाली होती.

रखवालदार धावत आला. "वर चला. सगळे मोठे लोक आत अडकलेत. तुमची मुलगीपण."

झालं होतं असं, की लिफ्ट सहा जणांची. दारात सगळे "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत राहिले आणि शेवटी कुणाचाच मान कमी व्हायला नको म्हणून सातही जण एकदम शिरले. सातवी मेकॅनिकची लेक. तिला नाही म्हणता आलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर मेकॅनिकने दाराशेजारची पेटी किल्लीने उघडली. फटीतून आतल्या वाटाघाटी ऐकू येत होत्या.

"दार ओढल्याशिवाय उघडणार नाही," व्यापार-करार करणारे एक गृहस्थ म्हणत होते.

"ओढण्याआधी सर्वांची संमती हवी," निवृत्त राजदूतबाई म्हणाल्या.

मेकॅनिक फटीला तोंड लावून म्हणाला, "दाराला हात लावू नका. दार जरा सरकलं तरी लिफ्ट थांबते."

"आपण कोणत्या अधिकारात बोलताय?" करारवाल्यांनी विचारलं.

"मेकॅनिक आहे."

"ठीक. आम्ही विचार करून कळवतो."

मेकॅनिकने बटण दाबलं. लिफ्ट वीतभर खाली सरकली आणि थांबली. करारवाल्यांनी दार ओढलं होतं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आतून लेकीचा आवाज आला, घरी दूध उतू गेल्यावर यायचा तसा.

"काका, हात काढा आधी. मागच्या भिंतीला टेका. मॅडम, तुम्ही पर्स खाली ठेवा. आता कुणी हलायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. बाबा, चालू करा."

आत चिडीचूप झालं. मग राजदूतबाईंनी हळूच विचारलं, "बाबा?"

"हो, माझे वडील. या भागातल्या निम्म्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेल्यात. ते सांगतील तसंच करायचं."

मेकॅनिकचं बोट बटणावरच थबकलं. परक्यांपुढे ती एवढं कधी बोलली नव्हती, आणि यातला एक शब्दही सरावातला नव्हता. तो रखवालदाराकडे वळला. "माझी मुलगी."

"माहीत आहे हो," रखवालदार म्हणाला. "लिफ्ट खाली घ्या."

मेकॅनिक जिना उतरून दुसऱ्या मजल्यावर पोचला, तोवर सातही जण बाहेर आले होते, मुलगी सांगेल त्या क्रमाने. राजदूतबाईंनी पर्समधून आपलं कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

"तीस वर्षं बैठका घेतल्या मी. आम्हा सहा जणांना कुणी गप्प बसवलेलं पाहिलं नव्हतं. सोमवारी आमच्या संस्थेत मुलाखतीला या. नववा मजला."

"येते," मुलगी म्हणाली. कुलूप पुन्हा लागलं होतं.

बाई जिन्याच्या दोन पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. "येताना वडिलांनाही आणा."

मेकॅनिकची छाती इंचभर फुगली, तरी तो संकोचून म्हणाला, "मुलाखतीला मी कशाला, बाई?"

"मुलाखतीला नाही. आमची लिफ्ट महिनाभर बंद आहे. कुणाला बोलवावं यावर समितीत एकमत होत नाहीये."

मेकॅनिक लगेच हो म्हणणार, एवढ्यात लेकीने त्याच्या कोपराला हलकेच धरलं आणि ती बाईंकडे वळली.

"मी सोमवारी येतेच," ती म्हणाली, "बाबांना वेळ आहे का, ते मात्र बघून कळवावं लागेल."