डावा बूट पुरला

आमच्या कॉलेजात कुणाला रडू आलं तर त्याने आधी बूट काढायचे, असा नियम आहे. नियम सरकारचा नाही, सुभेदार निकमांचा.

बडोद्याजवळ वाघोडियाच्या रस्त्यावर आमचं सैनिकी कॉलेज आहे. मी तिथे गणित शिकवते. निकम फौजेतून निवृत्त होऊन आमच्याकडे आले आणि त्यांना चार नंबरची खोली मिळाली. दारावर पाटी आहे, ‘विद्यार्थी साहाय्य व व्यक्तिमत्त्व विकास कक्ष’. एवढं लांबलचक नाव कोण घेतो? सगळे तिला ‘बूटखोली’ म्हणतात. आत एक बाक, दोन स्टुलं, पॉलिशच्या डब्या, ब्रश आणि फडकी. खुर्च्या त्यांनी पहिल्याच आठवड्यात परत पाठवल्या. खुर्चीत बसलं की माणूस समोरच्याचं तोंड बघत बसतो, म्हणे.

घर सोडून आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं. पहाटे परेड, दिवसभर तास, संध्याकाळी पुन्हा मैदान. कुणाला घरची आठवण येते, कुणाला गणिताची म्हणजे पर्यायाने माझी भीती वाटते. असा कॅडेट दारात उभा राहिला की सुभेदार विचारत नाहीत, काय झालं. म्हणतात, “आधी हात, मग तोंड. काढ बूट.” मग दोघं शेजारी शेजारी बसतात, एकेक बूट घेतात आणि ओल्या फडक्याने बारीक गोल गोल घासत राहतात. माना खाली. दहा मिनिटांत पोर बोलायला लागतं.

मी जातीने जाऊन पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर मीही हसलेच असते. खरं सांगायचं तर आधी हसलेच होते.

एकदा शहरातले एक व्यापारी तणतणत आले. मुलाला कॉलेज सोडायचं होतं. “साहेब, समजावा एने! आटला वरसनी, इतक्या वर्षांची, मेहनत पाण्यात!” सुभेदारांनी त्यांच्या पायांकडे बघितलं. “बूट काढा.” ते गृहस्थ हबकले. दुकानात चार माणसं त्यांच्या हाताखाली, आणि इथे हा मिशीवाला बूट काढायला सांगतोय! पण काढले बिचाऱ्यांनी. पाऊण तासाने बाहेर आले तेव्हा बोटं काळी झाली होती आणि आवाज उतरला होता. मुलाला मैदानावर गाठून त्यांनी विचारलं, “तुला काय करायचंय, बेटा?” मुलगा नंतर मला म्हणाला, पप्पांनी हे पहिल्यांदाच विचारलं. मुलगा राहिला. आता माझ्याच वर्गात आहे आणि माझ्याच विषयात नापास होतो, पण ते असो.

बडोद्यात इतकी वर्षं काढून सुभेदारांनी गुजराती शब्द दोनच उचलले, ‘चालशे’ आणि ‘शांति राखो’. बाकी भाषा साताऱ्याकडची. व्यक्तिमत्त्व विकासाच्या तासाला त्यांना तयार स्लाइड दिल्या होत्या, नेतृत्वाचे गुण, वेळेचं नियोजन वगैरे. पहिल्या स्लाइडवर त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. “स्वतःबद्दल बोलायला लई लोकं हाईत. तू शेजारच्याबद्दल सांग. काल रात्री मेसमध्ये तुझ्या डाव्या बाजूला कोण होतं? त्यानं किती खाल्लं?” कुणालाच सांगता आलं नाही. “मग कसले रे अधिकारी तुम्ही? जो जेवत नाही तो पयला दिसला पायजे.” महिनाभर हाच धडा. मी प्राचार्यांकडे तक्रार केली की अभ्यासक्रम मागे पडतोय. हो, मीच केली.

कारण मला कागद स्वच्छ लागतात. आमच्या सबनीसांच्या घरात दोन पिढ्या बडोद्याच्या दरबारात कारकुनी झाली, रक्तातच आहे ते. आणि सुभेदारांची नोंदवही म्हणजे, काय सांगू! तारीख आणि पुढे एक ओळ, किती बूट घासल्यावर पोर मोकळं झालं एवढीच. ‘डावा बूट पुरला.’ ‘दोन्ही बूट. मंगळवारी पुन्हा.’ ‘पालक. काळे बूट.’ नाव नाही, गाव नाही, तक्रार नाही, उपाय नाही.

याच वहीवरून गाडं अडलं. तपासणी समिती येणार होती आणि अहवाल माझ्याकडे होता. समितीला किमान एक प्रकरण तपशीलवार हवं होतं. ते नसेल तर खोली बंद करायची आणि मुलांनी बाहेरच्या कुणाशी तरी मोबाइलवर बोलायचं, असा प्रस्ताव तयारच होता. मी वही घेऊन चार नंबरमध्ये गेले.

“सुभेदार, मी एमनेम, उगाच अशीच, सही करणार नाही. एक तरी प्रकरण नावानिशी लिहून द्या.”

“नाही जमणार, मॅडम.”

“अहो, खोली जाईल!”

“पोरं उद्या अधिकारी व्हायची. सतराव्या वर्षी रडलं हे कागदावर राहिलं, आन् कुणीतरी उद्या काढून वाचलं तर?”

“मग नाव बदला. खोटं नाव घाला.”

ते ब्रशचे केस साफ करत होते. म्हणाले, “पोरगं आपलं रडणं नावाशिवायबी ओळखतं.”

मी चिडले. म्हटलं, तुमच्या हट्टापायी उद्या ती मुलं कुठे जातील, याचा विचार केलात? तुमचं काय, तुम्ही घरी जाल निवांत तरसालीला. ते ब्रश साफ करत राहिले. तरसालीच्या त्या घरात त्यांच्याशिवाय कुणी राहत नाही, हे मला माहीत होतं. तरी बोलून गेले. जिभेला हाड नसतं, आणि माझ्या तर नाहीच.

सोमवारी समिती आली. तीन माणसं, मध्ये एक निवृत्त ब्रिगेडियर. मी अहवाल मांडत होते, तेवढ्यात शिपायाने बंद पाकीट आणून दिलं. वर सुभेदारांचं अक्षर, ‘प्रकरण एक’. माझा जीव भांड्यात पडला. ब्रिगेडियर म्हणाले, वाचा. मी आधी नजर न टाकता सरळ मोठ्याने वाचायला लागले.

“नाव, निकम दत्तू रामचंद्र. वय, सतरा.”

मला वाटलं, रकाना चुकला असेल. पुढे वाचलं.

“तक्रार. वडलांच्या मनाविरुद्ध भरती झाला. घरून पत्र येत नाही. शनिवारी सगळ्या कंपनीची डाक वाटतात, याचं नाव कधी पुकारलं जात नाही. उपाय पहिला. डाक वाटताना मान खाली घालून बूट पॉलिश करत बसणे. बाकीच्यांचेबी घेणे. उपाय दुसरा. बाजारात जाऊन स्वतःच्या नावाने कोरं आंतरदेशीय पत्र टाकणे, म्हणजे नाव पुकारतील. असं वर्षभर केलं. हे कुणाला सांगितलं...”

इथे मी थांबले. पुढे लिहिलं होतं, ‘आज पहिल्यांदा. सबनीस मॅडमना. मॅडम, वाचून तुमच्यापाशीच ठेवा, समितीला नुसता कागद दाखवा.’

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मुलांचं एक अक्षर या माणसाने बाहेर जाऊ दिलं नव्हतं, आणि त्याचं सगळं मी तीन परक्या माणसांपुढे खणखणीत आवाजात वाचून मोकळी झाले होते.

“पुढे?” ब्रिगेडियरांनी विचारलं.

“पुढचं खाजगी आहे, सर.” मी कागदाची घडी घातली.

मग त्यांनी बुटांच्या नोंदीची वही मागितली, पानं उलटली आणि शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘कक्ष चालू ठेवावा. नोंदी आहेत तशाच ठेवाव्यात.’

मी धावत चार नंबरमध्ये गेले. सगळं सांगितलं. मोठ्याने वाचलं हेही सांगितलं, माफी मागितली. सुभेदारांनी विचारलं, “वडलांचं वाचलं?”

“वाचलं.”

“कोऱ्या पत्राचंबी?”

“तेही.”

त्यांनी मान हलवली. “तुमचा काय दोष? मीच वर लिहायला पायजे होतं.” आणि मला बसायलाही न सांगता ते मैदानाकडे निघून गेले.

त्या शनिवारी मी रावपुऱ्याच्या पोस्टात गेले आणि एक आंतरदेशीय पत्र घेतलं. पत्ता कॉलेजचा, नाव सुभेदारांचं. आत काय लिहावं ते सुचेना. इतक्या वर्षांत मी फळ्यावर आकड्यांशिवाय काही लिहिलं नव्हतं. शेवटी लिहिलं की बडोद्यात ऊन वाढलंय, आमच्या गल्लीत नळाला पाणी कमी येतं, तुम्ही बरे आहात ना. पाठीमागे माझं नाव घातलं.

मंगळवारी दुपारी स्टाफरूममध्ये शिपाई टपाल घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, “निकमसाहेब! पत्र!”

सुभेदार खुर्चीतून उठले. टाचा जुळवून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “हजर.”

कुणीतरी हसलं. त्यांनी पत्र उलटून मागचं नाव वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावलं. माझ्याकडे बघितलं नाही. मीही खाली मान घालून पेपर तपासत राहिले, आणि साफ चुकलेल्या एका उदाहरणाला पूर्ण गुण देऊन बसले.