अप्पांच्या ड्रममधली लेकरं

"हळू बोला गुरुजी, लेकरं जेवायलीत!"

मन्मथअप्पा माझे भिंतीपलीकडचे शेजारी. हे बोलले तेव्हा ते निळ्या प्लास्टिकच्या ड्रमला कान लावून उकिडवे बसले होते. मी उडालोच. अप्पांना लेकरूबाळ नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. वाकून पाहिलं तर आत शेणाचा काला, वर बुडबुडे आणि वास असा की सकाळचा चहा घशाशी आला.

"मातीतले बारके जीव हायती. गूळ खाऊन वाढत्यात, मग पिकाला जेवू घालत्यात. युरियाचं काय, पोतं रिकामं की खेळ खल्लास. हे जित्तं हाय!"

"जित्तं हाय" हा त्यांचा शिक्का. स्वतःला साखरेचा आजार, चहा फिक्का. पण ड्रमला गूळ माजलगावहून, हुंगून, निवडून. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात हा माणूस भरल्या ताटावरून उठला. का, तर ड्रममधली लेकरं काठीनं ढवळायची वेळ झाली! नवरीकडचे आ वासून बघत राहिले. लाज आम्हाला वाटली.

आणि मग मी तो पराक्रम केला. गावात तापाची साथ होती, ग्रामपंचायतीची जंतुनाशक पावडर वाटायचं काम माझ्याकडे. डासांवर राग होताच, ड्रमच्या वासावर त्याहून जास्त. अप्पा शेतात गेलेले पाहून मी दोन ओंजळी पावडर ड्रममध्ये सोडली. म्हटलं, वास तरी मरेल.

संध्याकाळी अप्पा ड्रमला कान लावून बसले. उठेचनात.

"बोलंनात की, गुरुजी."

मी कबूल केलं. वाटलं, आता काठी डोक्यात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"कावून वो असं केलं?" एवढंच म्हणाले.

"अप्पा, गूळ आणतो, शेण आणतो. आपण नवं लावू."

"आन् विरजण?"

मग त्यांनी सांगितलं. पहिला ड्रम त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी लावला होता, स्वतःच्या हातांनी शेणमाती कालवून. त्याच वर्षी त्या गेल्या. तेव्हापासून अप्पा दर खेपेला जुन्यातलं तांब्याभर राखून त्यावर नवं लावत होते, घरात दही लावतात तसं. काकूंच्या हातचं तेवढंच जिवंत उरलं होतं, आणि मी त्यात पावडर टाकली होती. देवा, काय करून बसलो मी!

मला रडूच फुटलं. अप्पा मात्र एकदम उठले. "चला रानात. इतकी वर्सं तिकडंच तर वतलंय."

रानात त्यांनी हरभऱ्याचं एक रोप अलगद उपटलं. मुळांना बारीक गाठी होत्या. एक नखानं फोडली, आतून गुलाबी निघाली.

"गुलाबी हाय म्हंजी जीव हाय," असं पुटपुटत त्यांनी बुडाची ओली माती उपरण्यात भरली.

घरी धुतलेल्या ड्रममध्ये पहिली मूठ त्यांनी टाकली. मी लांबच उभा होतो.

"या की. तुमी बी टाका एक मूठ. ती कुणावर लई येळ रागवत नव्हती."